किती वाक चालेल?

वर्गणीतून घेतलेली वस्तू सदोष निघाली, की 'जाऊ दे, चालवून घेऊ' असं म्हणण्याचा अधिकार कोणा एकाचा राहत नाही. पैसे माझ्या एकट्याच्या खिशातले असते, तर दोन दिवस चुटपुट लागली असती आणि विषय संपला असता. पण बदलापूर पूर्वेला, शिरगावात, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका चालते. तिथल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, तेव्हा कोणी पन्नास रुपये दिले, कोणी शंभर. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंनीही दिले; त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. त्या पैशातून मागवलेला बोर्ड या घडीला माझ्यासमोर टेबलावर आहे आणि तो वाकलेला आहे. परत करायची मुदत आज संपते. ठेवायचा की परत पाठवायचा, हे दुपारच्या आत ठरवायचं आहे.

बोर्ड रिफर्बिश्ड आहे. म्हणजे कुठेतरी बंद पडलेला, कोणीतरी दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आमचा प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचा, २०१५ नंतरच्या काळातला. तो ठणठणीत आहे, रॅमही ठणठणीत आहे. त्या सॉकेटचे कोरे बोर्ड दुकानांत आता सहसा दिसत नाहीत. नवा बोर्ड घ्यायचा तर त्याच्याबरोबर नवा प्रोसेसर, नवी रॅम, असं सगळंच आलं. अभ्यासिकेला ते परवडणारं नाही, आणि चांगल्या चालणाऱ्या दोन वस्तू एका तिसऱ्या वस्तूपायी टाकून देणं मला पटतही नाही. तेव्हा रिफर्बिश्ड घ्यायचं ठरवलं ते योग्यच होतं. प्रश्न आहे तो हातात आलेल्या या एका बोर्डाचा.

चालू केला की डिस्प्ले येतो. दुरुस्तीच्या बाजारात हेच मोठं प्रमाणपत्र मानतात: डिस्प्ले आला म्हणजे बोर्ड चांगला. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा तो अदबीने म्हणाला, "काका, थोडा वाक असतोच. कॅबिनेटमध्ये स्क्रू मारले की सरळ होतो." हिशेब सांभाळणाऱ्या काकूंचं म्हणणं वेगळंच. "भाऊ, मुलांचे फॉर्म भरायचे दिवस तोंडावर आलेत. चालतोय ना? मग परत कशाला?" त्यांची घाई खोटी नाही. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. सीईटीचे अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर दाखले अपलोड करता करता रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी कॉम्प्युटर आज चालू हवा. तरीही 'चालतोय ना' याचं उत्तर देण्याआधी मला विचारावंसं वाटतं, की किती वाक चालेल हे ठरवलं कोणी?

माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात झाली. लेथवरून उतरलेला प्रत्येक शाफ्ट थोडा तरी वाकडा असतो, प्रत्येक प्लेट थोडी तरी उंचसखल असते, हे तिथे पहिल्याच वर्षी शिकलो. म्हणून ड्रॉइंगवर मापाच्या शेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो: इथपर्यंत पास, त्यापुढे रिजेक्ट. ही मर्यादा माल तयार होण्याच्या आधी लिहिलेली असते, यात सगळं आलं. माल समोर ठेवून मर्यादा ठरवायला बसलं, की ती मालाच्या मागे मागे सरकत जाते. महिनाअखेर असते, गाडी गेटवर उभी असते, वरून निरोप येतो की डेव्हिएशनवर पास करा, आणि काल जे रिजेक्ट होतं ते आज पास होतं. माल तोच असतो. आपली गरज तेवढी बदललेली असते. काकूंच्या काळजीत आणि विक्रेत्याच्या अदबीत मला त्या महिनाअखेरीचा सूर ऐकू येतो, आणि त्या दोघांना वाईट न ठरवताही मी तो ओळखायला हवा.

मदरबोर्डासाठीही अशी मर्यादा लिहून ठेवलेली आहे. आयपीसी नावाची संस्था १९५७ साली अमेरिकेत सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक बोर्ड कसा असावा, याची तिची मानकं जगभर वापरली जातात. ज्या बोर्डावर भाग पृष्ठभागावर सोल्डर केलेले असतात, त्याचा वाक आणि पीळ पाऊण टक्क्याच्या वर जाऊ नये, असं ती मानकं सांगतात. आमचा बोर्ड मायक्रो-एटीएक्स, २४४ मिलिमीटर बाय २४४ मिलिमीटर. त्याच्या कडेच्या लांबीचा पाऊण टक्का म्हणजे १.८३ मिलिमीटर. 'थोडा वाक असतोच' हे विक्रेत्याचं वाक्य म्हणून चूक नाही. थोडा म्हणजे किती, ते मात्र त्याच्या किंवा माझ्या मनावर सोडलेलं नाही.

मोजायचं कसं तेही सांगतो, कारण हे घरी कोणालाही जमण्यासारखं आहे. बोर्ड काचेवर ठेवून बघण्यात अर्थ नाही. खालच्या बाजूला सोल्डर केलेल्या पिनांची टोकं बाहेर आलेली असतात आणि ती फसवतात. सगळ्या वायरी काढायच्या, फॅन आणि हीटसिंक उतरवायचं, बोर्ड हलक्या हाताने कडेवर उभा धरायचा आणि कडेशी स्टीलची पट्टी लावायची. मधे जी फट दिसेल, तीत फिलर गेज सरकवायचं. गॅरेजमध्ये ते मिळतं. नसेल, तर एटीएम कार्ड घ्या. त्याची प्रमाणित जाडी ०.७६ मिलिमीटर असते. अक्षरं उठलेली नसतील अशी कार्डं एकावर एक धरली, की दोन म्हणजे साधारण दीड मिलिमीटर आणि तीन म्हणजे सव्वादोनच्या जरा वर. दुसरं कार्ड अडलं तर निश्चिंत व्हा. तिसरंही सैल गेलं तर बोर्ड मर्यादेबाहेर आहे. आमच्या बोर्डाच्या सॉकेटकडच्या कडेला तिसरं कार्ड सैल जातं. गेजवर २.६ आलं.

हा वाक आला कुठून, हे कळलं म्हणजे राग कमी होतो. बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी राळ यांचे एकत्र दाबलेले थर, आणि त्या थरांमधून गेलेल्या तांब्याच्या वाटा. जाडी साधारण १.६ मिलिमीटर. यातली राळ तिच्या प्रकारानुसार १३० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडायला लागते. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. युरोपने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणले, जगभरचे कारखाने शिसंविरहित सोल्डरकडे वळले, आणि ते वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं. माणसांच्या आरोग्यासाठी हे फार चांगलं झालं. पण दुरुस्ती करणाऱ्याला जास्त आच द्यावी लागू लागली. चिप काढायची किंवा नव्याने बसवायची, तर बोर्डाला नरम अवस्थेतून नेण्यावाचून इलाज नाही. कारखान्याच्या ओव्हनमध्ये सगळा बोर्ड सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दुरुस्तीच्या टेबलावर हॉट एअरचा झोत एकाच चिपवर पडतो आणि बाकीचा बोर्ड थंड राहतो. एका बाजूने शेकलेला पापड जसा वर उचलतो, तसा बोर्ड त्या जागी उचलतो, आणि निवताना त्याच आकारात घट्ट होतो.

यावर उपाय आहेत. खालून ऊब देणारा प्रीहीटर लागतो, बोर्ड सपाट धरून ठेवणारी चौकट लागते आणि वेळ लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लागते. ही राळ हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून चिपला हात लावण्याआधी बोर्ड शंभर-सव्वाशे अंशांवर काही तास सुकवावा लागतो. नाहीतर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन थर सुटतात. जुलै-ऑगस्टमधली बदलापूरची हवा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या बोर्डावर सॉकेटजवळच्या एका चिपभोवती फ्लक्सचा चिकट डाग आहे आणि तेवढ्या भागाचा रंग किंचित काळवंडला आहे. ज्याने ही चिप बसवली, त्याचा हात चांगला आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे सोल्डरचे गोळे जागच्या जागी बसवणं सोपं नसतं, आणि बोर्ड चालू झाला हे त्याचंच यश. प्रीहीटर बहुधा त्याच्याकडे नसावा, किंवा दिवसाला इतके बोर्ड उरकायचे असतील, की तो लावायला सवड मिळाली नसेल.

आता स्क्रूबद्दल. 'स्क्रू मारले की सरळ होतो' हे अगदी खरं आहे, आणि याच वाक्यापाशी मी सकाळपासून अडकलो आहे. स्क्रूने बोर्ड सरळ दिसेल. त्याचा वाक मात्र ताण होऊन आत राहील. तो चिपखालच्या सोल्डरच्या गोळ्यांवर येईल, थरांच्या आतल्या तांब्यावर येईल, आणि सगळ्यात जास्त त्या तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटरवर येईल. ते ठिसूळ असतात. बोर्ड वाकवला की त्यांना तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तडकलेला कपॅसिटर आज काम करतो, पुढच्या महिन्यातही करतो, आणि एखाद्या दिवशी आतून शॉर्ट होतो. तसं झालं तर बोर्डाबरोबर चांगला प्रोसेसरही जाण्याची भीती असते. सॉकेटचंही तसंच. एलजीए ११५१ मध्ये ११५१ बारीक स्प्रिंगपिना प्रोसेसरला खालून टेकलेल्या असतात. सॉकेटखालचा बोर्ड वाकला, की कडेच्या काही पिनांचा दाब कमी होतो, आणि मग रॅमची एक पट्टी कधी दिसते, कधी दिसत नाही. अशा दोषाच्या मागे माणसं महिनोन्महिने लागतात. रॅम बदलतात, पुन्हा विंडोज टाकतात, एसएमपीएस बदलतात. मूळ वाक कोणाला आठवत नाही, कारण स्क्रू लावल्यावर तो दिसतच नाही.

माझी अडचण अशी, की आमच्या बोर्डावर आज दोन्ही रॅम दिसतात. रात्रभर लावलेल्या मेमरीच्या चाचणीतही चूक आली नाही. बोर्ड बंद असता, तर विचार करायची गरजच नव्हती. पण कॉम्प्युटर रोज सकाळी तापतो, रात्री निवतो. त्या प्रत्येक फेरीत तांबं, सोल्डर आणि राळ कमीजास्त प्रसरण पावतात. एक रात्र टेबलावर मोकळा चाललेला बोर्ड, स्क्रूने ताणून बसवल्यावर आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत किती टिकेल, याचं उत्तर त्या चाचणीत नाही. ते अनुभवाने ठरवलेल्या मर्यादेत आहे. मर्यादा पाळायची ती अशाच वेळी, वस्तू चालत असताना.

ठेवण्याच्या बाजूने बोलणारं एक कारण मात्र मला मनापासून जड वाटतं. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. उरलेल्यातला बराच कुठे जातो, हे बघायचं असेल तर मुरादाबादचं उदाहरण आहे. रामगंगेच्या काठी तिथे वर्षानुवर्षं सर्किट बोर्ड जाळले गेले, ॲसिडमध्ये बुडवले गेले, तांब्यासाठी. आणि काळी राख नदीत गेली. आपल्याकडे वालधुनीच्या पाण्याकडे बघत मोठं झालेल्या माणसाला नदीचं असं होणं समजावून सांगावं लागत नाही. आपण बोर्ड परत पाठवून त्या ढिगात भर घालतोय का, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. काकूंनीही तो वेगळ्या शब्दांत विचारला होता: "एवढ्याशा वाकासाठी वस्तू वाया?"

पण परत पाठवणं म्हणजे जाळायला पाठवणं नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत रिफर्बिश करणाऱ्यांची नोंदणी आहे आणि उत्पादकावर जुन्या मालाची जबाबदारीही आहे. वाकलेल्या बोर्डावरची बायोसची चिप, कनेक्टर, पॉवर सेक्शनचे भाग काढून दुसरे बोर्ड जगवता येतात. दुरुस्ती करणारे हे रोज करतात. घरी प्रयोग करणाऱ्या एखाद्याला हाच बोर्ड, 'वाक २.६ मिलिमीटर' असं स्पष्ट सांगून, कमी किमतीत देता येईल. तो टेबलावर मोकळा चालवील आणि त्याची जोखीम त्याला माहीत असेल. विक्रेत्याने मलाही 'थोडे पैसे परत घ्या आणि ठेवा' असं सुचवलं आहे. माझ्या घरी असता तर कदाचित घेतला असता. पण अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीने अर्ज भरताना अर्ध्यावर कॉम्प्युटर बंद पडण्याची जोखीम घ्यावी, आणि त्या बदल्यात हिशेबाच्या वहीत काही रुपये जमा व्हावेत, हा सौदा तिच्या वतीने मी करू शकत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. परत गेलेला हा बोर्ड उद्या पुसून, त्याच वर्णनाने, दुसऱ्या कोणाला गेला तर? आपण 'पसंत नाही' एवढंच कारण निवडलं, तर तसंच होईल. पसंतीने परत आलेला माल चांगल्या मालात ठेवला जातो. आमच्या कारखान्यात रिजेक्ट मालाला लाल टॅग बांधायचो. त्यावर पार्ट नंबर, मर्यादा, प्रत्यक्षातलं माप, तारीख, सही. टॅग नसलेला रिजेक्ट तुकडा हा सगळ्यात धोकादायक, कारण रात्रपाळीत तो उचलून कोणीही पासच्या ट्रेमध्ये टाकू शकतो. मी या बोर्डाला तसाच टॅग लिहिला आहे: 'सॉकेटकडील कडेला वाक २.६ मिमी, मर्यादा १.८३ मिमी, डिस्प्ले येतो, दोन्ही रॅम दिसतात, सॉकेटजवळील चिपवर पूर्वी काम झालेलं आहे.' चांगलं आहे तेही लिहिलं. ज्या कारागिराने चिप बसवली, त्याच्यापर्यंत हा कागद पोहोचला, तर त्याचं काम कुठे जमलं आणि कुठे कमी पडलं, हे त्याला कळेल. आपण चिडून पाठवलेल्या एका ओळीतून ते त्याला कधीच कळलं नसतं.

दुरुस्तीच्या या धंद्याबद्दल मला आदर आहे. पलीकडचं उल्हासनगर फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावणीत उभं राहिलं. सिंधमधून सगळं सोडून आलेल्या माणसांनी मिळेल ते बनवून, मिळेल ते दुरुस्त करून ते शहर वसवलं. आज कोणी सेकंडहँड मालाला नाकं मुरडली, की मला ते कष्ट आठवतात. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तेव्हा मला आनंद झाला होता. पण दुरुस्त मालावर लोकांचा विश्वास बसायला हवा असेल, तर मालाचं वर्णन खरं हवं. 'चाचणी केलेला, पूर्ण चालू' याच्या पुढे 'वाक आहे' हे दोन शब्द लिहिले असते, तर आज हा प्रश्न उभाच राहिला नसता.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. नकार आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. पुढे जायची वेळ आली, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. आमच्या बाबतीत तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. मापं सांगितल्यावर विक्रेत्याचा आवाज बदलला आणि दुसरा बोर्ड पाठवायला तो तयार झाला.

बोर्ड परत जाणार आहे. तोवर मुलांच्या अर्जांसाठी वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने त्यांचा लॅपटॉप संध्याकाळी दोन तास खाली द्यायचं कबूल केलं आहे. काकूंनीच ते जमवून आणलं. तुमच्याकडे अशी वस्तू आली, तर मुदत संपायच्या आत ती मोजून घ्या. मर्यादेत असेल, तर डागासाठी किंवा जुनेपणासाठी परत पाठवू नका. मर्यादेबाहेर असेल, तर परत पाठवा, आणि दोष कुठे आहे व किती आहे, ते कागदावर लिहून खोक्यात ठेवा.